तोलाजीची शोकसभा

तुम्ही कधी एखाद्या धडधाकट माणसाला पहिल्या रांगेत बसवून त्याचीच शोकसभा घेतली आहे काय?

मी घेतली आहे. दोन मिनिटांच्या मौनासह.

हसू नका. चहा घ्या आणि ऐका. मी मितभाषी माणूस आहे, हे तुम्ही जाणता. चौतीस वर्षे मंठ्याच्या शाळेत मराठी शिकवले. वर्गात एक वाक्य दोनदा उच्चारले नाही. निवृत्तीनंतर जुन्या जालन्यात राहायला आलो. गल्लीतल्या मारुतीच्या देवळात सायंकाळचे भजन आणि त्यानंतर दहा मिनिटांचे निरूपण, एवढाच आता माझा व्याप. असत्य बोलू नये, अपुऱ्या माहितीवर मत देऊ नये, हे मी जन्मभर दुसऱ्यांना सांगितले. स्वतःला सांगायचे राहून गेले. फजिती झाली ती त्यामुळे.

आधी माझ्या वर्गातला एक नियम सांगतो, कारण पुढे तो लागणार आहे. जो विद्यार्थी धडा अर्धवट वाचून उत्तर देईल, त्याने मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "धडा पुढे आहे. मी वाचला नव्हता." किती दिवस? तो धडा वर्गात चालू असेपर्यंत. छडी मी कधी हाती धरली नाही. गरजच पडत नसे.

मनीषा नावाची मुलगी सातवीत होती. तिचे वडील मारोतराव, घरचे आबा, मंठ्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी. शेतकऱ्याचे पोते काट्यावर चढवायचे आणि त्याचे वजन चारचौघांत मोठ्याने पुकारायचे, हे त्यांचे काम. मुलगी धडा अर्धा वाचायची आणि उरलेल्या पानावर चित्र काढायची. चित्र नेहमी एकच. झुपकेदार मिशांचा माणूस, आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर पोत्यांची थप्पी.

"हे कोण?"

"आमचे आबा, सर."

"धड्यात आहेत का?"

"न्हाईत."

"मग दारात."

अकरा दिवस उभी राहिली. धडा चार दिवसांचा होता. मी तो लांबवला. हे लक्षात ठेवा.

त्याच मिशांचे आणि त्याच पोत्यांचे त्या मुलीने पुढे कॉमिक काढले. नायकाचे नाव तोलाजी. दिवसा मोंढ्यात मापाडी. संकट आले की महाबली. त्याचे बळ कशात? जितके वजन त्याने आयुष्यात खरे पुकारले, तितके तो उचलू शकतो. एक किलो खोटा पुकारला, की बळ गेले! त्याचा वैरी काटामार शेठ. कॉमिक गाजले, आणि त्यावर चक्क सिनेमा निघाला.

मला महाबली मंडळींचे कौतुक नाही. झगा पांघरून इमारतींवरून उड्या मारण्यात कसला आला धर्म? पण खऱ्या मापाचे बळ! ही कल्पना ऐकूनच मी सुखावलो. ही मुलगी माझी विद्यार्थिनी, हेही जरा जास्तच आठवले.

सोमवारी सकाळी तिचा फोन आला.

"सर, मनीषा बोलून राह्यले. मंठ्याची. दारातली."

"ओळखले."

"सर, तोलाजी जालन्यात लागलाय. बघा अन् खरं काय ते लोकांला सांगा. वाईट वाटला तर वाईट म्हणा. तुमचं लोक ऐकतेत. थेटरवाला म्हणतो, शुक्रवारी खुर्च्या भरल्या तरच पुढं ठेवतो."

"न भरल्या तर?"

"मंग शनिवारी उतरवतो. अन् शनिवारीच अमावस्या हाय ना, सर! मोंढा बंद. मंठ्याचे सगळे हमाल आबाला घेऊन पिच्चर बघायला यायलेत. आबानं अजून बघितला न्हाई. म्हणतो, बघीन तर माझ्या माणसांसंग बघीन."

मोंढ्याला सुट्टी म्हणजे अमावस्या. ती चुकली तर पुढची महिन्याने. तोवर सिनेमा कुठला राहतो? मी म्हणालो, "निश्चिंत राहा. मी पाहतो."

त्याच दुपारी रफिकच्या रिक्षाने तीनच्या खेळाला गेलो. रफिकने तोलाजी तीनदा पाहिलेला. वाटभर त्याचे तोंड चालूच.

"सर, क्या पिच्चर है! मिशी तर अशी, का त्याच्यावर दोन कबुतरं बसतील. अन् शेठ काटा मारतो ना, तवा मी खुर्चीवरनं उठून शिवी दिली. पब्लिकनं टाळ्या वाजिवल्या!"

"शिवी देऊ नये."

"बराबर, सर. पण तुम्ही बघा तर. तुम्ही बी देताल."

मी दिली नाही. परंतु खरे सांगतो, ओठ हलले.

काय सिनेमा होता! मोंढा अगदी मोंढा. पोत्यात खुपसायचा हमालाचा लोखंडी आकडा, काट्याखाली सांडलेली ज्वारी, ती टिपणाऱ्या चिमण्या. मुलीने वहीत काढलेल्या रेषा जशाच्या तशा पडद्यावर चालत होत्या. तोलाजी वजन पुकारून शेवटी "माप बराबर!" म्हणे, आणि सारे थिएटर त्याच्यामागून ओरडे. तिसऱ्या वेळी मीही ओरडलो. शेजारच्या बाईंनी दचकून शेंगदाण्याची पुडी दुसऱ्या हातात घेतली.

मग तो प्रसंग आला. काटामार शेठ गोदामाचा खांब तोडतो. आत पन्नास हमाल, आणि वर छताला भिडलेली हजारो पोती. तोलाजी आडव्या तुळईखाली खांदा देतो. एकेक हमाल बाहेर पडतो. शेवटचा पडतो. तोलाजीच्या पायाखालची फरशी तडकते. तो हसतो, पुटपुटतो, "माप बराबर." आणि सगळी पोती त्याच्या अंगावर! धुरळा. शांतता.

मृत्यू पाहिला की डोळे मिटून, हात जोडून अकरा वेळा रामनाम घ्यायचे, ही माझी लहानपणापासूनची सवय. प्रेतयात्रा असो की वर्तमानपत्रातली बातमी. मी डोळे मिटले. नाम घाईने घेऊ नये. सावकाश घेतले.

डोळे उघडले तो दिवे लागलेले, पडदा पांढरा, आणि माणसे दाराकडे निघालेली.

मधल्या वेळात पडद्यावर एक शब्द येऊन गेला होता. तो शब्द अकरा रामनामांच्या आड गेला.

घड्याळात साडेचार. दीड तासात सिनेमा आटोपला! आजचे दिग्दर्शक संयमी झाले आहेत, असे वाटून माझा आदर दुणावला. बाहेर काही जण भज्यांवर तुटून पडले होते. शोक प्रत्येक जण आपापल्या परीने करतो, असे म्हणून मी त्यांना क्षमा केली. दारवान माझ्या हातात एक चिठ्ठी देऊ लागला.

"सर, पास घ्या."

"नको. ही आठवण ठेवायला मला कागद लागत नाही."

तो पाहतच राहिला. मला वाटले, भारावला.

थिएटरच्या बाहेर एक फळा होता. त्यावर 'प्रेक्षकांचे अभिप्राय' असे लिहिलेले, आणि खाली खडूने ज्याचे त्याचे मत. 'भारी!' 'एक नंबर.' 'मिशीला सलाम.' 'काटामार शेठ आमच्या मामासारखा दिसतो.' हे काय अभिप्राय झाले? मी खडू उचलला आणि वळणदार अक्षरांत लिहिले:

'तोलाजीचा मृत्यू डोळ्यांत पाणी आणतो. शेवट इतका उदात्त क्वचितच पाहायला मिळतो. सर्वांनी सहकुटुंब पाहावा.'

'मृत्यू' या शब्दाखाली रेघ ओढली. खाली सही केली.

रफिक झाडाखाली रिक्षात आडवा होता. मला पाहून उठून बसला.

"सर, इत्ती जल्दी?"

"संपले."

"संपला? सर, अभी तो..."

"रफिक, अशा प्रसंगी बोलू नये."

त्याने रिक्षा सुरू केली. घरापर्यंत आरशातून तीनदा माझ्याकडे पाहिले. मला मध्येच कोणी बोललेले खपत नाही, हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. या शिस्तीचा मला अभिमान होता. होता, असे म्हणालो.

संध्याकाळी निरूपणात मी तोलाजीच घेतला. काशीनाथराव आमचे मृदंग वाजवणारे. त्यांनी मध्येच मान वर केली.

"म्हंजे मेला का तो, सर?"

"देह पडला. सत्त्व राहिले."

"पर मेला ना?"

"मेला."

"मंग आमच्या कारभारणीला न्हाई नेत. मालिकेत कुणी मेलं तर ती दोन दिस जेवत न्हाई."

"काशीनाथराव, ते मरण नव्हे, समर्पण आहे!"

"मंग तर बिलकुलच न्हाई."

मागे बसलेल्या एका बाई म्हणाल्या, "सर, पैसे देऊन रडायला कशाला जावं? घरी काय कमी हाय?"

मला वाटले, माझे वर्णन तोकडे पडले. मंगळवारी दहा मिनिटांचे निरूपण चाळीस मिनिटांवर गेले. लोक जितके कचरले तितके मी ते मरण रंगवत गेलो. सिनेमात तोलाजी मरताना दोनच शब्द बोलतो. बुधवारपर्यंत माझ्या तोंडून तो आई, माती आणि मोंढा यांचा निरोप घेऊ लागला. आयुष्यात पहिल्यांदा मी मापात मिसळ केली. आणि कळलेही नाही, कारण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

बुधवारी रफिक ओट्याशी आला.

"सर, थेटर खाली पडून राह्यलं. लोक येतेत, फळा वाचतेत अन् माघारी जातेत. मी म्हंतो सर, तो फळा..."

"लोकांची अभिरुची, रफिक. आपण काय करणार?"

"पुसायचा का?"

"कोणी पुसत का नाही?"

"दारवान म्हंतो, सरांचं अक्षर हाय. माझी हिंमत न्हाई."

अक्षराची कदर झाली म्हणून मी सुखावलो. काय सांगायचे!

गुरुवारी आमच्या वाचनालयात मनीषाचा सत्कार होता. मुख्य भाषण माझे. मुलगी आली, चेहरा उतरलेला. सोबत मारोतराव. पांढरे धोतर, डोक्यावर टोपी, आणि मिशी! तीच, पडद्यावरची. मला गहिवरून आले. मनीषा माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "सर, काय व्हायलंय कळंना. पहिले चार दिवस बरे गेल्ते. मंगळवारपासून कुणीच येईना. आता उद्याचा एकच दिवस. आबाला कसं सांगू?"

"मी आज असे बोलतो, की उद्या जागा पुरणार नाही."

पाऊण तास बोललो. मी, मितभाषी! शेवटी हात जोडून म्हणालो, "मंठ्याच्या मोंढ्याने या जगाला एक पुरुष दिला. तो आज आपल्यात नाही. तोलाजीच्या आत्म्यास शांती लाभावी म्हणून आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू."

सभा उठून उभी राहिली. आपल्याकडे मौन म्हटले की माणूस आधी उभा राहतो आणि मग विचारतो. मारोतरावांनी टोपी काढून छातीशी धरली. मनीषाही उभी राहिली.

अर्धे मिनिट गेले. तिने माझ्या कानाशी विचारले, "सर, कोण वारलं म्हणलात?"

मी डोळे न उघडता, माईकसमोरच, म्हणालो, "तोलाजी."

"कधी?"

हा प्रश्न मला विचित्र वाटला. कॉमिक तिचे. मी म्हणालो, "सोमवारी. साडेचार वाजता."

 पहिल्या रांगेतून मारोतरावांचा आवाज आला. चाळीस वर्षे वजन पुकारलेला तो आवाज; त्यांना हळू बोलताच येत नाही.

"पोरी, तू मला मारलं का गं? आधी सांगायचं तर! मी आत्ताच जेवून आलो."

सभागृहात कोणीतरी फिसकन हसले. मनीषाने माझ्याकडे पाहिले. सातवीत पाहायची तसे.

"सर, पोती अंगावर पडल्यावर तुम्ही काय केलं?"

"नामस्मरण."

"अन् मंग?"

"घरी आलो."

"सर... तो मध्यंतर होता."

मागून रफिकचा आवाज फुटला. चार दिवस कोंडलेला. "मी तवापासून सांगून राह्यलो! सर बोलूच देईनात! पुढं अजून सव्वा घंटा पिच्चर हाय, सर! शेठला धुतलं तर पुढंच हाय!"

आणि सभा कोसळली. तोलाजीवर पोती कोसळली तशी. काशीनाथराव खुर्चीला धरून हसत होते. दोन मिनिटांच्या मौनातले एक मिनिट वीस सेकंद तसेच शिल्लक राहिले.

त्या क्षणी मला एक पळवाट सुचली. म्हणावे, मी लाक्षणिक अर्थाने बोललो. अहंकाराचा मृत्यू, वगैरे. तोंडही उघडले, "माझा आशय असा होता, की..." तेवढ्यात मारोतराव शांतपणे म्हणाले, "सर, अर्धं पोतं काट्यावर घातलं अन् पूर्ण पुकारलं. आमच्यात असं चालत न्हाई."

पळवाट बंद झाली. मी माईकसमोर उभा राहिलो आणि सर्व सांगितले. डोळे मिटले ते, फळा लिहिला तो, आई आणि मातीचा निरोप पदरचा घातला तोही. थिएटर माझ्यामुळे ओस पडले, हेही. मग म्हणालो, "मनीषा, वर्गाचा नियम तुला ठाऊक आहे. मला लागू कर."

"जाऊ द्या, सर. होतं असं कधी."

"तुला जाऊ दिले होते का?"

ती जरा थांबली. मग हसली. "मंग मधल्या सुट्टीत दारात, सर. थेटरच्या. धडा चालू असेपर्यंत."

मी तत्काळ मान्य केले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, सर म्हणजे सर! पण तुमच्यापासून काय लपवू? त्या मान्यतेत एक पाप होते. सिनेमा शनिवारी उतरणार, म्हणजे शिक्षा एका दिवसाची, असे मी मनातल्या मनात तोलून पाहिले होते.

शुक्रवारी सकाळी जाऊन फळा स्वतः पुसला. नवा अभिप्राय लिहिला: 'तोलाजी जिवंत आहे. मी अर्धा पाहिला होता.' दुपारी साडेचारला मध्यंतराचे दार उघडले, आणि मी दारात. प्रत्येकाला हात जोडून: "सिनेमा पुढे आहे. मी पाहिला नव्हता."

मग आत जाऊन उरलेला अर्धा पाहिला. आणि तुम्हाला सांगतो, मान खाली गेली. तोलाजीला कोण वाचवते? तेच पन्नास हमाल! ज्यांना त्याने बाहेर काढले, ते पळून जात नाहीत. आकडे घेऊन परत येतात आणि एकेक पोते पाठीवर वाहून ढिगारा उपसतात. प्रत्येक जण आपल्या पोत्याचे वजन पुकारतो. खालून, अगदी खालून, उत्तर येते, "माप बराबर!" मी चार दिवस एकट्या वीराच्या मरणाचे गोडवे गात होतो. सातवीत धडा अर्धा सोडणाऱ्या मुलीने त्याहून मोठा धडा लिहिला होता, आणि तो मीच अर्धा सोडला होता.

त्या दिवशी खुर्च्या भरल्या का? अहो, भरल्या! वाचनालयातली सारी सभा आली होती. काशीनाथरावांच्या घरची मंडळी पहिल्या रांगेत. शनिवारी अमावस्येला मंठ्याचे हमाल दोन टेम्पो भरून आले. मध्यंतरात मारोतराव बाहेर आले, मला दारात पाहिले. मी म्हणालो, "सिनेमा पुढे आहे. मी पाहिला नव्हता." त्यांनी माझा हात हातात घेतला, मिशीवरून बोट फिरवले आणि साऱ्या थिएटरला ऐकू जाईल असे पुकारले, "बराबर!"

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण मध्यंतर आणि शेवट यांतला फरक मी आता शिकलो आहे.

झाले असे, की दारात उभे राहणाऱ्या सरांची वार्ता पसरली. लोक सिनेमा पाहायला येत की मला, देव जाणे. रफिक स्टँडवर ओरडू लागला, "चलो, मेलेला जिवंत बघायला! सोबत सर बी दिसतेत!" परतूर, अंबड, भोकरदनहून माणसे येऊ लागली. मंठ्याचे माझे जुने विद्यार्थी बायकामुलांसह येतात, मध्यंतरात मुद्दाम दाराशी घोटाळतात आणि विचारतात, "सर, काय म्हणालात? ऐकू आलं न्हाई." मी पुन्हा सांगतो. एक वाक्य दोनदा! मी उभा राहतो म्हणून थिएटर भरते. थिएटर भरते म्हणून सिनेमा उतरत नाही. आणि सिनेमा उतरत नाही तोवर माझी सुटका नाही.

थिएटरच्या मालकांना भेटलो. म्हणालो, बस झाले, आता दुसरा सिनेमा लावा. ते म्हणाले, "सर, चार दिवसांचा धडा तुम्ही अकरा दिवस चालवला होता म्हणं. आम्ही काय वाईट करून राह्यलो?"

त्या मुलीने तेही सांगितले होते!

आज सहावा आठवडा आहे. चहा जरा लवकर आटोपा. चार वाजून गेले. साडेचारला मला दारात उभे राहायचे आहे.